ते वाक्य माझे होते, यासीन

यासीन,

तू गेल्याला आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत तुझ्याविषयी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, आणि त्यांतले बहुधा सर्वांत जास्त ऐकले गेलेले वाक्य माझे आहे. "तो शाळेत होता तेव्हापासून मी त्याला सांगत आलो, साप ही चारचौघांत मिरवण्याची वस्तू नव्हे." हे मी कॅमेऱ्यासमोर म्हणालो. म्हणताना माझा आवाज एकदाच, अगदी योग्य जागी, थोडा कापला.

तुझी बातमी आली त्याच दिवशी संध्याकाळी एका वाहिनीचा प्रतिनिधी माझ्या शिरूरच्या घराच्या दारात मोबाइल घेऊन उभा राहिला. "सर, तुम्ही त्याचे विज्ञानाचे शिक्षक ना? दोन वाक्यं द्या." मी त्याला पाच मिनिटे थांबायला सांगितले. ती पाच मिनिटे मी कशात घालवली, हे तुला सांगितल्याशिवाय पुढचे काही लिहिता येणार नाही. मी आत जाऊन शर्ट बदलला.

तू असतास तर यावर खूप हसला असतास. "सर, इस्त्रीचा घातला का?" असे विचारले असतेस. हो, इस्त्रीचाच घातला.

वर्गात मी तुम्हा मुलांना एक सवय लावली होती. चूक झाली तर ती गिरवून काळी करायची नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे आपण काय चुकलो होतो ते पुढेही वाचता येते. आज मी माझ्या त्या वाक्यावर अशी रेघ मारायला बसलो आहे. रेघेखालचे वाक्य कोणालाही वाचता येईल. दुर्दैवाने तूच तेवढा वाचू शकणार नाहीस.

जे घडले ते सगळ्यांना ठाऊक आहे असे सगळे समजतात. मीही तसेच समजत होतो. खुटबावच्या एका कांद्याच्या चाळीत नाग निघाला. कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तू गाडीवरून घरी परतत होतास. फोन आला तसा रस्त्यातूनच वळलास. नाग तू नेहमीप्रमाणे काठीच्या आकड्यावर घेतलास आणि शेपटी हातात धरलीस. चाळीपाशी तोवर पन्नासेक माणसे गोळा झाली होती. मागून कोणीतरी ओरडले, "यासीनभाई, आमाला काय दिसंना!" तू नाग उंच धरलास, गर्दीकडे तोंड केलेस आणि तुझे ते प्रसिद्ध वाक्य म्हणालास, "मागच्यांना दिसतंय का?" त्याच क्षणी नागाने तुझ्या मनगटाच्या वर दंश केला. दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच, तू गेलास. ज्या चित्रफितीत हे सारे दिसते ती तिथेच, दंशापाशी, संपते. लाखो लोकांनी ती पाहिली म्हणतात. मी चार वेळा पाहिली.

मग लोक बोलू लागले. तुझ्या फोटोभोवती काळी चौकट आली. ज्यांच्या विहिरीतून, गोठ्यातून, न्हाणीघरातून तू साप काढून नेले होतेस त्यांनी तुला वाघ म्हटले, काहींनी नागराज म्हटले. ज्यांनी तुला कधी पाहिलेही नव्हते त्यांनी लिहिले की लाइकसाठी जीव दिला, असल्यांचे असेच व्हायचे. एकाने लिहिले की नागाने हिशेब चुकता केला. सापाला सूड कळत नाही हे मी आठवीला दर वर्षी शिकवीत असे. तो लिहिणाराही कुठल्या ना कुठल्या आठवीत बसला असेलच.

चौथ्या दिवशी मी शिरूरच्या बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहाला गेलो. शेजारच्या टेबलावर तिघे जण मोबाइल पाहत होते.

"आरं, म्हनतोय बघ, मागच्यांना दिसतंय का."

"आता वरून समदंच दिसत आसंल त्याला."

तिघेही हसले. हसता हसता एकाचे लक्ष माझ्याकडे गेले. तो गडबडीने उठला. "सर, तुमीच का ते टीव्हीवरचे? लई करेक्ट बोलला तुमी. आमच्या घरात समद्यांनी ऐकलं. बसा, बसा." त्याने माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची ओढली.

यासीन, मी त्या खुर्चीवर बसलो.

आता क्रमाने सांगतो. बावीस वर्षांपूर्वी भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यातल्या तुमच्या गावच्या हायस्कुलात, आठवीच्या वर्गात मी काचेच्या बरणीतला विंचू दाखवीत होतो. बरणी टेबलावर होती आणि मी टेबलामागे. तू शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसत असस. तुझे वडील गवंडी होते. तुझ्या दप्तराला नेहमी सिमेंटची पांढुरकी धूळ असे. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, मागं काय बी दिसंना."

वर्ग हसला. मला राग आला. "दिसत नसेल तर पुढे येऊन बस."

"पुढं जागा न्हाई, सर. पुढं हुशार बसत्यात."

या वेळी कोणी हसले नाही. वर्गातली बसण्याची व्यवस्था मीच गुणांप्रमाणे लावलेली होती. मी बरणी उचलली आणि पहिल्यांदाच तुमच्या बाकापर्यंत चालत आलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटावर पांढऱ्या रंगात एक ओळ लिहिली: जे दाखवाल ते शेवटच्या बाकावरून दिसले पाहिजे. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून जे काही चांगले शिकवले गेले, ते त्या ओळीमुळे. ती ओळ मला तू दिलीस. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. शिक्षकाने विद्यार्थ्याचे आभार मानायचे असतात हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि ते आपले आपण शिकण्याइतका मी हुशार नव्हतो.

त्याच वर्षी सायकलींच्या शेडमध्ये साप निघाला. शिपाई काठी घेऊन धावला. तू मध्ये आडवा झालास. "मारू नका, धामण हाय, बिनविषारी हाय." मी तपासून पाहण्याआधीच तू ती शेपटीला धरून उचललीही होतीस. ती धामणच होती. सारी शाळा गोळा झाली होती. मी तुला थांबवायला हवे होते. बिनविषारी सापही चावतो, आणि तुझ्यासारख्या मुलाचा अंदाज चुकूही शकतो. पण शिपायाच्या काठीपेक्षा तुझे धैर्य मला मोठे वाटले, आणि पाचशे मुले मान उंचावून बघत होती. मी म्हणालो, "यासीन, उंच धर. मागच्यांना दिसतंय का?"

हे वाक्य माझे आहे. माझ्या आवाजात, माझ्या वळणाने, पहिल्यांदा मी उच्चारलेले. पाचशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत तुझ्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिली वेळ होती. तुझा त्या वेळचा चेहरा मला अजून दिसतो. पुढे तुझ्या प्रत्येक चित्रफितीत, नाग उंचावताना, मला तोच चेहरा दिसायचा. तुझ्या तोंडून ते वाक्य जिल्हाभर गेले, रिक्षांच्या मागच्या काचांवर चढले. ते कुठून आले हे कोणी तुला विचारले की तू सांगायचास, "माझ्या सरांचं हाय." लोकांना ती तुझी नम्रता वाटे. तू गेल्यावर ते कुठून आले हे मला कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

सांगत आलो होतो, हेही अगदीच खोटे नाही. म्हणून तर ते वाक्य इतके सफाईने बोलता आले. निवृत्तीनंतर तुझे व्हिडिओ पाहून मला धास्ती वाटू लागली. मी एका कार्डावर सात पायऱ्या लिहिल्या. आधी गर्दी मागे हटवावी, मग आकडा, मग पाइप, पाइपातून पिशवी, पिशवीला गाठ. सहावी पायरी मी ठळक केली होती: जे बोलायचे ते गाठ मारल्यानंतर. सातवी, पिशवी झाकणाच्या बादलीत. ते कार्ड द्यायला मी पूल ओलांडून तुझ्या गावी आलो, तेव्हा तू एक पकडलेला नाग नदीकाठच्या झुडपांत सोडायला निघाला होतास. मलाही गाडीवर घेतलेस. बादली पुढे, मी मागे. वाऱ्यात मी ओरडून पायऱ्या वाचत होतो आणि तू मान पूर्ण मागे वळवून उत्तरे देत होतास.

"पुढे बघ आधी!"

"बगतोय, सर. सहावी परत सांगा."

"बोलणं गाठ मारल्यानंतर!"

पुलाच्या मध्यावर तू गाडीच थांबवलीस. "सर, गाठ मारली की मानसं घरला जात्यात. मग मी सांगू कुनाला, की परत निघाला तर काठी घिऊ नका, मला फोन करा? पिशवीला सांगू? वर धरला तवाच आयकत्यात. भ्यालेलं मानूस लई चांगलं आयकतं."

"तुझ्या जिवावर बेतेल एक दिवस."

"तुमीच म्हनायचा ना सर, मागच्याला दिसलं न्हाई तर त्याला शिकवलंच न्हाई."

 उत्तर नसले की शिक्षक जे म्हणतो ते मी म्हणालो, "तो विषय वेगळा." तू हसलास आणि गाडी सुरू केलीस. कार्ड मात्र तू प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बादलीच्या झाकणाला आतून चिकटवलेस. वाद तिथेच राहिला. पुन्हा कधीतरी नीट बसून बोलू, असे आपण दोघेही धरून चाललो होतो.

इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याने सांगितले होते आणि तरुणाने ऐकले नाही. मलाही तसेच वाटत राहिले असते, जर मागच्या श्रावणातला कार्यक्रम झाला नसता.

शाळेत सापांविषयी माहितीचा कार्यक्रम होता. मांडणी माझी होती. तुला मी आधीच बजावले होते की फक्त तक्ते दाखवायचे, जिवंत साप नाही. साप असा लोकांसमोर खेळवणे कायद्यालाही मान्य नाही, हे मला माहीत होते आणि तुलाही. तू तक्ते घेऊन आलास. सकाळी येता येता पकडलेला एक नाग पिशवीत, पिशवी बादलीत, बादली व्यासपीठाच्या कोपऱ्यात, कार्यक्रमानंतर सोडण्यासाठी. तू नाग आणि धामण यांतला फरक तक्त्यावर छान समजावून सांगत होतास. पण तक्ते लहान होते. मागची मुले चुळबुळू लागली. प्रमुख पाहुण्यांनी मोबाइल काढला. शाळेची शोभा होत नाही असे मला वाटले, आणि मांडणी माझी होती.

मी माइक पुढे ओढला आणि म्हणालो, "यासीन, मागच्या मुलांना काही दिसत नाहीये."

तू माझ्याकडे पाहिलेस. तक्ता खाली ठेवून माझ्या खुर्चीपर्यंत आलास आणि हळू आवाजात विचारलेस, "सर, पिशवी उघडायची?"

त्या प्रश्नाला 'नाही' हे एका शब्दाचे उत्तर होते. मी म्हणालो, "तू जाणकार आहेस. तुझं तू ठरव."

आयुष्यात मी पुष्कळ मुलांच्या उत्तरांतली वाक्ये तपासली, यासीन. त्याहून भित्रे वाक्य माझ्या हातून कधी घडले नाही. काही झाले तर ते तुझ्यावर आणि नीट पार पडले तर आमच्यावर, अशी त्याची बांधणी होती. तू पिशवी उघडलीस. नाग उंच झाला. तू विचारलेस, "मागच्यांना दिसतंय का?" आणि मुलांनी छत दणाणून सोडले. पाहुण्यांनी स्वतः चित्रण केले. माझ्या खांद्यावर शाल आली.

मला स्टँडवर सोडताना तू म्हणालास, "सर, आज सहावी पायरी तुमीच खोडली बरं का." तू चेष्टेने म्हणालास. मीही चेष्टेवारी नेले. क्षमा मागायला तेवढी एकच जागा होती, आणि तेवढ्यात माझी बस लागली.

तर त्या संध्याकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, मी हे सगळे वगळले.

तुझ्या जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, मी तुझ्या घरी आलो होतो. मांडवात पुरुष बसले होते. तुझी बायको शबाना आत बायकांत होती. बाहेर कडुनिंबाखाली मुले खेळत होती आणि त्यांच्या मधोमध तुझी मुलगी मेहेक होती. तिच्या हातात उड्या मारायची दोरी होती. दोरी तिने डोक्यावर उंच धरली आणि म्हणाली, "मागच्यांना दिसतंय का?" समोरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आता पड ना," एक मुलगी म्हणाली. "चावला ना तुला. पड."

मेहेक पडली नाही. "अब्बा लगेच नव्हते पडले," ती म्हणाली. "आधी पिशवी बांदली."

"व्हिडिओत तर न्हाई."

"व्हिडिओ संपतो. आमच्या मोबाइलमधे पूर्न आहे. अम्मीनं मला दाखवला."

मग तिने दोरीची गुंडाळी केली, ती आपल्या ओढणीत घातली आणि खाली बसून ओढणीची गाठ मारू लागली. मुलांना त्यात काही रस नव्हता. ती सगळी पांगली.

मी शबानाला विचारले. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. चित्रण तुझ्या पाळीतल्या एका कामगाराने शेवटपर्यंत केले होते आणि फक्त तिला पाठवले होते. दंश झाल्यावर लोक मागे पळाले. तू पळाला नाहीस. नाग तू सोडून दिला असतास तर तो त्या पळणाऱ्या पायांमध्ये गेला असता. तू खाली बसलास. पाइप लावलास. नाग पिशवीत घेतलास. ज्या हाताला दंश झाला होता तो वापरून पिशवीच्या तोंडाला पीळ दिलास, पीळ दुमडलास, नाडी आवळलीस, पिशवी बादलीत ठेवलीस आणि झाकण लावलेस. मग वर बघून म्हणालास, "आता कुनी हात लावू नका. मला दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडं नगं." गाठ मारल्यानंतर बोललास. झाकणाच्या आतल्या बाजूला माझे कार्ड होते.

हे मात्र मी दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. एकदाच पाहिले.

परवा शाळेच्या मैदानावर तुझी शोकसभा झाली. शालेय समितीचे अध्यक्ष आप्पा, ज्यांच्या उसात तू किती वेळा उतरला असशील त्याची गणती नाही, त्यांनी माइकवरून जाहीर केले, "शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आपल्या यासीनभाईचं मोठं चित्र काढायचं. हातात नाग, फना काढलेला. आन् वर त्याचं वाक्य, मागच्यांना दिसतंय का. खालच्या चार ओळी सर लिहितील. सर, या."

मेहेक आता पाचवीत आहे. ती रोज त्या भिंतीवरून शाळेत येणार. तिच्यासारखी आणखी कितीतरी. ती भिंत रंगवून झाली असती तर माझे वाक्य विटांवर उभे राहिले असते, तुझ्या नावाने, फण्याच्या शेजारी, आणि कुठल्या तरी शेवटच्या बाकावरच्या मुलाने ते आज्ञा म्हणून वाचले असते. ते थांबवायचे तर ते कोणाचे आहे हे आधी सांगणे भाग होते.

मी सांगितले. धामण सांगितली, श्रावण सांगितला, पिशवी उघडू का म्हणून तू विचारलेस आणि मी काय उत्तर दिले, तेही सांगितले. टीव्हीवर मी जे बोललो ते अर्धे होते आणि अर्धे बोलणे हे माझ्या विषयात चुकीचे उत्तर धरतात, असे म्हणालो.

 मग आप्पांनी माइक घेतला. "सर हळवे झालेत. विद्यार्थी म्हंजी पोटच्या पोरावानी आसतो. केवढा मोठेपना सरांचा." आणि यासीन, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. माझ्या कबुलीला.

मी माइक परत घेतला. "आप्पा, मी हळवा झालेलो नाही. मी खोटं बोललो होतो, ते दुरुस्त करतोय. टाळ्या नकोत."

मागून एक आवाज आला, "मग सर, चूक कुनाची म्हनायची? नागाची का?"

"माझा वाटा मी सांगितला. चाळीपाशी दिसत नाही म्हणून कोण ओरडलं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण बघावं."

दोन-चार माना खाली गेल्या. ते समाधान मला फार वेळ टिकवता आले नाही, कारण मी शिक्षा करायला उभा राहिलो नव्हतो, आणि तसा अधिकारही आता मला नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला शबाना उभी राहिली. तिला माइक दिला, तो तिने घेतला नाही. "आप्पा, चित्र काढायचंच तर गाठ मारतानाचं काढा. पिशव्या मी शिवायचे त्यांच्या. काळ्या कापडाच्या, शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे सापाचे दात दोऱ्यात अडकत नाहीत. इतक्या वर्षांत एका पिशवीचा कुणी फोटो काढला नाही."

"पर वहिनी," आप्पा म्हणाले, "त्याच्यात साप दिसायचा न्हाई. लोक म्हनतील, ह्ये काय चित्र झालं?"

"न्हाई दिसला तर न्हाई दिसला."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वाक्य काढून टाका आणि चित्र त्या म्हणतात ते काढा. खालच्या चार ओळी मी देतो." त्या मी तिथेच लिहून दिल्या. साप दिसला तर लांब उभे राहा. पकडणाऱ्याला बोलवा, पण दाखवायला सांगू नका. चावला तर बांधू नका, कापू नका, मंत्राची वाट बघू नका, तडक दवाखान्यात जा. पिशवीची गाठ दिसली की घरी जा.

शेवटची ओळ तुझी आहे, जरी तू ती कधी म्हटली नाहीस. आपला पुलावरचा वाद मी जिंकलो असे यातून समजू नकोस. गाठ मारल्यावर माणसे घरी जातात, मग शिकवायचे कोणाला, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी फक्त इतकेच केले की तो प्रश्न एका भिंतीवर लिहिला आणि उत्तर द्यायला पुढची मुले बोलावली. तू असतास तर आणखी काही सुचवले असतेस. तू असतास तर कदाचित पुन्हा हसला असतास.

काल भिंतीचे काम सुरू झाले. रंगाऱ्याने खडूने आकृती काढली होती. तू उकिडवा बसलेला, समोर पिशवी, दोन्ही हात तिच्या तोंडाशी. शाळा सुटली तशी मुले भिंतीपाशी गोळा झाली. मी शिरूरहून आलो होतो, त्यांच्या मागे उभा होतो.

मेहेक दप्तर खाली ठेवून रंगाऱ्यापाशी गेली. "गाठ अशी नाही मारत. आधी पीळ देतात, मग घडी, मग नाडी."

"दाखव की मंग," रंगारी म्हणाला.

तिने आपल्या डब्याची कापडी पिशवी रिकामी केली, जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी पिशवीच्या तोंडाला पीळ देऊ लागली. मुलांनी तिच्याभोवती कडे केले. ती खाली मान घालून, कोणाकडेही न बघता, आपले काम करीत होती. एवढ्या डोक्यांमधून मला तिचे हात दिसत नव्हते.

माझ्या तोंडात वाक्य आले होते. बावीस वर्षांची सवय आहे.

मी काही बोललो नाही.